अस्वलाच्या पोटातली सुई

भूतखेत, आत्मा, संकेत — यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. भुताची गोष्ट सांगताना असं म्हणायचा रिवाज आहे, म्हणून हे लिहीत नाही. भूत कसं तयार करतात ते मला पक्कं माहीत आहे, कारण मी स्वतः कित्येक वर्षं भूत होतो.

दचकू नका, जिवंतच आहे. झाडीपट्टीच्या नाटकांत मी खलनायक असायचो. धान कापून झालं की आमचा हंगाम सुरू व्हायचा आणि मग गावोगाव मी कधी सावकार, कधी कपटी मामा, कधी मांत्रिक... आणि नाटकाला गरज पडलीच तर भूत. धूर कुठून सोडायचा, हिरवा दिवा कोणत्या कोनात ठेवायचा, बाई किंचाळायच्या आधी किती वेळ गप्प राहायचं, हे सगळं या हातांनी केलं आहे. त्यामुळे कुणी मला अमावास्येची गोष्ट सांगायला लागला की मी आधी वायर कुठे लपवली आहे ते बघतो. आता सांगतोय त्या प्रसंगातही मी वायर शोधली. अजून शोधतोय.

जागा सांगतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. रेल्वे स्टेशनच्या मागे एक बंद पडलेली तांदळाची गिरणी आहे आणि तिला चिकटून टिनाचं एक लांबट गोदाम. तिथे आमच्या नाटक कंपनीचं सामान असायचं. कंपनी मोडली, माणसं पांगली, सामान तसंच राहिलं — मखमलीचे पडदे, राजांचे अंगरखे, सेनापतींचे झगे, स्टेजच्या फळ्या, भोंगे. माझी बायको कुंदा शिवणकामात तरबेज. एक दिवस ती त्या मखमलीच्या ढिगाऱ्याकडे बराच वेळ पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "याचं अस्वल होते."

मला वाटलं, माझ्याबद्दल बोलतेय.

पण ती खरोखर अस्वलांबद्दल बोलत होती. खेळण्यातली, हाताने शिवलेली टेडी बेअर. शेजारपाजारच्या बाया जमल्या, काम सुरू झालं. पोटात काटेसावरीचा कापूस. मान आणि हातपाय फिरावेत म्हणून आत लाकडी चकत्या आणि त्यांना नट-बोल्ट-वायसर. डोळे काळे, बटनांचे. पहिली अस्वलं आम्ही चित्रातल्यासारखी गुलाबी केली. शेजारच्या पोराने उलटसुलट करून विचारलं, "हे कोन्तं जनावर आहे जी?" आमच्याकडच्या पोरांना अस्वल शिकवावं लागत नाही. मोह वेचायला जाणाऱ्या आईच्या तोंडून ती त्याच्याबद्दल ऐकतच वाढतात. मग आम्ही काळी अस्वलं करू लागलो. लांब नाक, आणि छातीवर पांढरी नालेसारखी खूण, आपल्या जंगलातल्या अस्वलाला असते तशी. ती पांढरी खूण मात्र कुंदा स्वतः शिवायची. दुसऱ्या कुणाच्या हातची वाकडी होते म्हणायची.

"जंगलात याले पाहून पोट्टे झाडावर चढतात," विमलबाई म्हणायच्या, "अन् तुमी कडेवर घ्यायले लावता."

या विमलबाई म्हणजे आमच्या गोमाजीची बायको. गोमाजी कंपनीचा प्रॉम्प्टर. विंगेत फळी टाकून बसायचा आणि सगळं नाटक त्याच्या ओठांवर असायचं. शब्द अडला तर तो हळूच पुरवायचा. पण नट आपल्या मनाने भलतंच बोलायला लागला — आणि मला ती खोड फार — तर बोटातली लोखंडी अंगठी फळीवर दोनदा आपटायचा. टक्-टक्. म्हणजे, बाबा, चुकलास, मागे ये. बरोबर बोललात तर कधी शाबासकी नाही. गप्प बसायचा. गोमाजी गप्प आहे म्हणजे आपण बरोबर आहोत, एवढंच आम्हा नटांना ठाऊक. तो गेला त्याला काही वर्षं झाली. विमलबाई तेव्हापासून एकट्या. अस्वलांचं काम सुरू झालं तेव्हा पहिल्या आल्या त्याच.

आता मुद्द्यावर येतो.

हाताने खेळणी शिवणाऱ्यांना एकाच गोष्टीची धास्ती असते. सुई आत राहण्याची. मान बसवायला आम्ही बोटभर लांब सुई वापरतो. ती कापसात शिरली की बाहेरून कळत नाही. मूल अस्वलाला उराशी धरून झोपतं... पुढचं बोलायला नको. म्हणून आमच्याकडे सुईची हजेरी असते. काम थांबलं की प्रत्येकीने आपली सुई लाल उशीत खोचायची आणि कुंदा ती मोजणार. एक जरी कमी भरली तरी एकही अस्वल दाराबाहेर जायचं नाही.

त्या दिवशी गडचिरोलीच्या एका दवाखान्यातल्या लहान मुलांच्या वॉर्डासाठी केलेली अस्वलं तयार होऊन लाकडी टेबलावर बसली होती. संध्याकाळी न्यायला गाडी येणार होती. भर दुपार, टिन तापलेलं, बाकीच्या बाया आवरून घरी गेलेल्या. मागे राहिलो आम्ही चौघं — मी, कुंदा, विमलबाई आणि शीला. शीला शेजारची सून, हात चलाख, पण अर्धं लक्ष मोबाइलमध्ये.

कुंदाने उशी पाहिली. पुन्हा पाहिली.

"एक सुई कमी आहे."

"मी ठेवली ना ताई," शीला म्हणाली. "तुमच्याच डोळ्यासमोर."

"मी बी ठेवली," विमलबाई म्हणाल्या.

"तुमाले दिसते का बाई, कुठी ठेवली ते?" कुंदा म्हणाली.

विमलबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन त्या पुढे ढकलत होत्या. त्या ताठ झाल्या. "डोळे गेले माहे. बोटं नाई गेले."

मी आपला खलनायकी संशय शीलावर ठेवला. "तू रील पाहून राह्यली होती का सुई?"

"तुमचं काय भाऊ, तुमी त चहाच पिऊन राह्यले होते सकाळपासून."

हे खरं होतं, म्हणून मी विषय बदलला. जुन्या भोंग्याचं लोहचुंबक काढून आणलं. मोठ्या ऐटीत पहिल्या अस्वलावर फिरवलं. चिकटलं. दुसऱ्यावर फिरवलं. चिकटलं. तिसऱ्यालाही. सगळ्यांच्याच मानेत लोखंडी बोल्ट, चुंबक काय ओळखणार?

"फाडा लागते," कुंदा म्हणाली. "सगळे."

म्हणजे इतक्या दिवसांची मेहनत कापसात जाणार आणि गाडी रिकामी परतणार. कुंदा चिडली होती, आणि चिडली की ती कुणाकडे न पाहता बोलते. "बाई, उद्यापासून तुमी कापूस पिंजा. सुई नोका धरू."

कापूस पिंजायला आमच्याकडे कुणीही बसतं. सुई हातात असणारीला सगळे बाई म्हणतात. विमलबाईंनी बोटात घातलेलं शिवणाचं टोपण काढलं आणि टेबलावर ठेवलं. मला ते पाहवेना, पण बायकोच्या तोंडी लागायची माझीही हिंमत नव्हती.

कुंदाने ब्लेड घेतलं आणि पहिलं अस्वल उचललं.

टक्-टक्.

चौघांनीही ऐकलं. मी पाहिलं तर सगळ्या एकमेकींकडे संशयाने पाहत होत्या, आणि मग तिघी मिळून माझ्याकडे.

"तुमचे नाटकं बंद करा जी," कुंदा म्हणाली.

"मी काईच नाई केलं."

तिने ते अस्वल ठेवून दुसरं उचललं. टक्-टक्. आवाज टेबलातून येत होता. आता हे टेबल आम्ही स्टेजच्या फळ्या ठोकून केलं आहे, आणि त्यातली एक फळी गोमाजीची. कडेला अंगठी आपटून आपटून खळगा पडला आहे, त्यावरून मी ती ओळखतो. हे माझ्या लक्षात आलं आणि लगेच संशयही आला. कुणावर? विमलबाईंवर. नवऱ्याची ठोकायची पद्धत बायकोइतकी कुणाला माहीत असणार? आणि त्या वेळी अडचणीत होतं कोण?

"बाई, अंगठी कुठी आहे गोमाजीची?"

"वैनगंगेत सोडली. तुमी होते ना संगं."

होतो. तरी मी त्यांचे हात पाहिले. बोटं मोकळी. तरीही मी त्यांना बाहेर जाऊन कडुनिंबाखाली उभं राहायला सांगितलं, दारातून मला दिसतील अशा. "नवऱ्याचा गुन्हा बायकोवर घालता का भाऊ," असं काहीतरी पुटपुटत त्या गेल्या. शीलाला म्हटलं, दोन्ही हात वर कर. तिने केले, एका हातात मोबाइल होताच. टेबलाखाली वाकून बघितलं. उंदीर नाही, पोर नाही, वायर नाही.

मग मी तिसरं अस्वल उचललं. माझा हात थरथरत होता.

टक्-टक्.

बाहेर विमलबाई पदराने घाम पुसत उभ्या होत्या, टेबलापासून चांगल्या लांब. शीला म्हणाली, "ताई, मी घरी जातो आता." पण ती हलली नाही. आणि नेमकं तेव्हा मला कळलं, आपण काय ऐकतोय. हे भुताचं ठोकणं नव्हतं. भूत ठोकतं ते घाबरवायला, मी किती वेळा ठोकलंय. हे प्रॉम्प्टिंग होतं. चुकलास, मागे ये.

मी कुंदाच्या हातातलं ब्लेड घेऊन बाजूला ठेवलं. एकेक अस्वल उचलायला लागलो. उचललं, थांबलो, टक्-टक्, खाली ठेवलं. रांगेच्या जवळजवळ शेवटी एक बसलं होतं. सेनापतीच्या झग्याचं, मखमल जरा विटलेली. ते उचललं.

काही नाही.

मी थांबलो. टिन तापून कडकडत होतं, गिरणीच्या पत्र्यावर कबुतरं घुमत होती, पण टेबल गप्प. नटाला त्या शांततेचा अर्थ सांगावा लागत नाही.

"हे," मी म्हटलं.

कुंदाने पाठीची शिवण उसवली, कापूस बाहेर काढला. मानेच्या बोल्टाला टेकून, आडवी, सुई होती.

सुईत दोरा तसाच होता. पांढरा.

आठवतंय ना, पांढरी खूण कोण शिवायचं?

कुंदाने तो दोरा बोटावर गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग ती दारापर्यंत गेली.

"विमलबाई, आत या. उन्हात काऊन उभ्या आहा?"

"भाऊनं उभं केलं."

"त्याइचं नोका ऐकू." तिने टेबलावरचं टोपण उचलून त्यांच्या हातात दिलं. मग खिडकीजवळची स्वतःची खुर्ची ओढली, जिथे उजेड सर्वांत चांगला, आणि तिच्यावर हात ठेवला. "इथी बसा. मले तिकडं चालते. हे एक शिवून द्या, गाडी येते आता."

विमलबाई बसल्या. सुईत दोरा शीलाने ओवून दिला. बाकी सगळं बोटांनी झालं, आणि मान अशी सरळ बसली की कुंदाने दोनदा फिरवून पाहिली. अस्वलं वेळेवर गेली. ऑपरेशन पुढच्या महिन्यात झालं. ती खुर्ची आजही विमलबाईंचीच आहे.

आता संशय. ते मी काही सोडले नाहीत. उन्हाने लाकूड तडकतं? तडकतं, पण दोनदाच, आणि मी अस्वल उचललं की लगेच? शीलाच्या मोबाइलमधून? त्यातून गाणी येतात, टक्-टक् नाही. कुंदाला आपली चूक आधीच कळली होती आणि तिने हा डाव रचला? बायको आहे, विचारायचं कसं? तरी विचारलं. उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही. उरल्या विमलबाई. त्यांना एकदा चहा पिताना गाठलं.

"बाई, खरं सांगा. तो गोमाजीच होता?"

"मले का विचारता भाऊ? मी त भायेर होती." मग बशी खाली ठेवून म्हणाल्या, "पन तुमी त्याचं पहिल्यांदा ऐकलं, एवढं मात्र खरं."

फळी मी काढून, उलटीपालटी करून पाहिली. एका सुताराला दाखवली. तो म्हणाला, चांगलं सागवान आहे, विकता का?

मध्यंतरी गावातली काही मंडळी गोदामात आली होती. त्यांना मी हा किस्सा जरा रंगवून सांगत होतो. म्हटलं, अस्वलाने माझ्याकडे मान वळवून पाहिलं. टक्-टक्. म्हटलं, बरं, मान नाही वळवली, पण डोळे मात्र चमकले. टक्-टक्. मंडळी चहा न पिताच उठली.

म्हणून हे लिखाण पाठवण्याआधी मी गोदामात गेलो आणि त्या टेबलाशी उभं राहून मोठ्याने वाचलं. वर 'माझा हात थरथरत होता' असं आहे ना, तिथे आधी 'मी शांतपणे अस्वल उचललं' असं होतं. ते वाचलं तेव्हा दोन ठोके पडले. बदललं. आणखी दोन-तीन ठिकाणी पडले, तिथेही बदललं. आता सगळं जसं घडलं तसं आहे. का घडलं, ते मला आजही सांगता येत नाही.

फक्त एका वाक्यावर आमचं जमलं नाही. अगदी पहिल्या. ते मी तीनदा वाचून पाहिलं, तिन्ही वेळा टक्-टक् झाली. ते तसंच ठेवलंय. प्रॉम्प्टरचं सगळंच ऐकलं, तर नट कसला?