टाचणात नसलेला प्रश्न

"'हाय' नाही, 'आहे'! आणि हा प्रश्न टाचणात आहे का, बाई?"

मागच्या बाकावरून आमचे कॉलेजचे सर ओरडले. सातवीचा अख्खा वर्ग हसला. मी फळ्यापाशी, हातात खडू.

ओझरच्या शाळेत माझा बी.एड.चा सराव पाठ होता. झाडाला ऊन का लागतं, हा विषय. एका मुलीनं विचारलं, "बाई, मग आमच्या द्राक्षाच्या घडांना उन्हात पेपर का गुंडाळतात?" मला एवढा आनंद झाला की तोंडातून निघून गेलं, "लय भारी प्रश्न हाय! सांगा बरं, का?" भराभर हात वर झाले. तेवढ्यात सर.

"गंगेवर मेथी विकायला बसलात का?" ते म्हणाले.

माझी आई गंगेवर, म्हणजे आमच्या नदीकाठच्या बाजारात, मेथीच विकते. सरांना ते चांगलं माहीत होतं.

टाचण म्हणजे पाठाची आखणी. त्यात एक रकाना असतो, विद्यार्थ्यांची अपेक्षित उत्तरं. पोरं काय बोलणार, ते आम्ही आदल्या दिवशीच लिहून आणायचं. वेगळं बोलली तर पोरं चुकली. आणि हेच सर आम्हाला चिकित्सक विचार शिकवायचे. कसा? डिक्टेट करून. "लिहा, चिकित्सक विचार म्हणजे, स्वल्पविराम..." आम्हीही माना खाली घालून स्वल्पविरामासकट उतरवायचो. मेंढरं नुसती.

मग कॉलेज तपासायला बाहेरून समिती येणार असं कळलं. सरांनी आमची तालीम घेतली. "स्वतंत्र विचाराला वाव मिळतो का, असं विचारतील. म्हणायचं, होय, भरपूर." म्हणजे आता आमचीच उत्तरं टाचणात! वर माझ्याकडे बघून म्हणाले, "अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत." एवढा मोठा माणूस आणि इतका घाबरट. त्या दिवशी माझी भीती गेली. किळस तेवढी उरली.

समितीतल्या मॅडमनी नेमकं तेच विचारलं. माझ्या आधीच्यांनी "होय, भरपूर" म्हणून टाकलं. लाज वाटली त्यांची. मग माझी पाळी. सर दारात उभे.

"नाय," मी म्हणाले.

"'नाय' नाही, 'नाही'!" सर सवयीनं बोलून गेले.

"ऐकलंत ना मॅडम? सरही नाहीच म्हणतात."

कुणी हसलं नाही. सरांचा चेहरा पांढरा पडला.

माझे गुण कापले. कापू देत. पुन्हा बसेन परीक्षेला. पण माझ्या टाचणातला तो रकाना यापुढे कोरा राहणार. सर हजारदा ओरडले तरी कोराच.