धोंड्याच्या महिन्यात धाराशिवला, तेही लॉजवर

धोंड्याच्या महिन्यात जावई सासऱ्याकडं उतरतो, ही आमच्याकडची रीत. आम्ही उतरलो स्टँडजवळच्या लॉजवर. मी बंगाली सुबीरशी कोर्टात लग्न केलं, तेव्हापासून अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याशी बोलत नाहीत. सुबीरला माझं गाव बघायचं होतं. म्हटलं, चल, पर्यटकाला कोण अडवतंय! खरं सांगू? अण्णांनी बोलवावं म्हणून माझा जीव तुटत होता. आम्ही येतोय हे मात्र मी कुणालाच कळवलं नव्हतं. मानी बापाची मानी लेक!

सोलापूरहून एसटी सोयीची. खिडकीतून रुमाल टाकायची कला तेवढी येऊ द्या. लॉजवाल्यानं माझं माहेर विचारलं आणि पेन खाली ठेवलं.

"धोंडे खायला आलाव, मग हितं कशाला?"

"लेणी बघायला आलोय."

"लेणी काय पळून चाललीत व्हय?" म्हणत त्यानं किल्ली दिली.

लेणी गावाबाहेर आहेत. रिक्षा करा, भाव आधीच ठरवा आणि सकाळीच उरका, आमचं ऊन पाहुण्यारावळ्याची भीड ठेवत नाही. आत गारवा, वटवाघळांचा वास आणि भिंतीवर कुणा पिंकी-बंटीचं अमर प्रेम. सुबीर मोठ्या लेण्यात भारावून उभा होता. मी मोबाइलला रेंज आहे का बघत होते.

दुपारी शहरात पायीच भटकलो. दर्ग्याजवळच्या गल्लीत बांगडीवाल्या चाचीनं मला बरोबर ओळखलं.

"अगे, तू खतवाले अण्णा की बेटी ना? ये दामाद? धोंडे हुए क्या?"

"व्हायचेत," मी थाप मारली.

सुबीरला सांगावं लागलं, की अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे वाढतात, मानपान करतात.

"मग मला का नाही बोलावलं?"

"गुलाबजाम खाऊ चल," मी म्हटलं.

धाराशिवचा गुलाबजाम न खाता परतू नका. मिठाईतलं आपल्यालाच कळतं असं मानणारा सुबीर पहिल्या घासालाच शरण आला. दुसरी प्लेट सांगतोय, तोच दारात स्कूटर थांबली. अण्णा! गल्लीनं वर्दी पोचवली होती.

"लाज हाय का काही?" तोफ माझ्यावरच. "धोंड्याच्या महिन्यात माझा जावई लॉजवर राहतो, उन्हात पायी हिंडतो! लोक काय म्हणतील मला?"

लग्नाला नको म्हणतानाही हेच लोक होते. ओठांवर आलेलं गिळलं, कारण अण्णा पहिल्यांदा 'माझा जावई' म्हणाले होते. सुबीर पाया पडायला वाकला.

"राहू द्या, राहू द्या," अण्णा त्याच्याकडं न बघता म्हणाले. "उद्या जेवायला या."

जेवलो. अण्णा नुसते वाढत राहिले. निघताना आईनं अनारशांचा डबा दिला.

पुण्यात परतल्यावर सुबीरनं विचारलं, "हे कसे करतात?"

"तांदूळ तीन दिवस भिजवायचे, मग वाळवून दळायचे, मग पीठ..." सांगता सांगता मी थांबले आणि डबा मांडीवर घेऊन ढसाढसा रडले. आम्ही आल्याचं माहेरी कळल्यापासून जेवणापर्यंत एकच रात्र गेली होती.