त्यांचा शब्द फळ्यावर

सोनकांबळे बाई गेल्याची बातमी मला वर्तमानपत्रातून कळली. बायकोनं घडी घातलेलं पान पुढं सरकवलं आणि म्हणाली, "तुमच्या त्या बाई." मी फोटो पाहिला, चष्मा काढला, आणि पहिल्यांदा मनात आलं ते असं, की बरं झालं... आता मला ओळखणारं कुणी उरलं नाही. महिना झाला. तो विचार काही जात नाही, म्हणून लिहायला बसलो. बाईंबद्दल गोड लिहिणारे पुष्कळ निघाले आहेत. शोकसभेत ज्यांनी गहिवरून भाषणं केली, त्यातले तिघं बाई बोलायला उठल्या की तंबाखू मळायला बाहेर जायचे. त्यांचं मला माहीत आहे, कारण मीही त्यांच्यासोबत बाहेर असायचो.

बहात्तरच्या दुष्काळात गयाबाई सोनकांबळे मी शिकवत होतो त्या शाळेवर आल्या. उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं गाव. बाई बिलोलीकडच्या, नव्यानं बौद्ध झालेल्या घरातल्या, घरात शिकलेलं माणूस त्या पहिल्याच. त्या साली शाळेत पोरं दुष्काळी मदतीची सुकडी खायला मिळायची म्हणून यायची, आणि बाकीची आईबापाबरोबर खडी फोडायला. बाईंनी हजेरीपट उचलला आणि पहिलीचा वर्ग थेट खडीवर नेला. बाभळीच्या सावलीला फळा टेकवून शिकवायच्या. तिथल्या पोरांची घरची भाषा कानडी. त्यांना मराठी येत नसे आणि आम्ही त्यांना त्याबद्दल मारत असू. मी जास्त मारत असे. कारण माझ्याही घरात कानडीच बोलत, आणि ते मी कुणाला कळू देत नव्हतो.

बाईंना कानडीचं एक अक्षर येत नव्हतं. ती भाषा त्या पोरांकडूनच शिकल्या. पोरगी जे म्हणेल ते आधी तसंच फळ्यावर लिहायचं, आपल्याच अक्षरांत, आणि मग त्याच्या शेजारी मराठी शब्द. अक्का, अण्णा, अप्पा हे दोन्हीकडं चालणारे शब्द आधी. मग बाकीचे. सहा महिन्यांत खडीवरची पोरं वाचायला लागली आणि शाळेच्या छपराखाली बसणारी आमची तशीच राहिली. शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत बाईंनी हे सगळं फळ्यावर मांडून दाखवलं. मी मागून म्हणालो, "बाई, पगार मराठी शाळेचा घेता ना?" सगळे हसले. तपासणीचे साहेबही हसले. जातीचं आम्ही कुणी उघड बोललो नाही. हसण्यातच ते सगळं होतं. बाई खडू ठेवून खाली बसल्या. पण पुढच्या बैठकीला पुन्हा उठल्या, आणि त्याच्या पुढच्याही. कुणी ऐकत नसताना बोलत राहणाऱ्या माणसाचा राग येतो. मला त्यांचा फार राग यायचा.

पुढं माझी बदली झाली. उस्मानाबादेतून लातूर वेगळा जिल्हा झाला, नवी कार्यालयं, नवे साहेब, प्रत्येकाला काहीतरी नवीन दाखवायची घाई. मी तोवर बाईंची रीत गुपचूप माझ्या वर्गात वापरत होतो. ती लिहून काढली, वर माझं नाव घातलं. लातूरला शिक्षकांच्या मेळाव्यात मला मंचावर बोलावलं, शाल दिली. भाषण संपलं आणि मधल्या रांगेतून बाई उठल्या. मला वाटलं, आता चोर म्हणणार.

"बिराजदार सर," त्या म्हणाल्या, "पोरगी 'नीरु' म्हणाली, तर तुम्ही फळ्यावर काय लिहिता?"

"पाणी."

"आन् तिचा शब्द?"

"तो लिहायची काय गरज?"

"मग तिला बोलतं करून पुन्हा तोंड बंदच केलं की तुम्ही." त्या खाली बसता बसता म्हणाल्या, "ही रीत कुणाची, ते मी सांगणार न्हाई. पण उचलायची तर नीट उचला."

त्या शनिवारी सकाळच्या शाळेला बाई माझ्या दारात उभ्या. एसटीच्या दोन गाड्या बदलून आल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्याशी मला बोलायचं न्हाई. पोरांसाठी आले." तासभर त्यांनी माझा वर्ग घेतला, मी मागं भिंतीला टेकून पाहत होतो. माझ्या आईचे शब्द एकेक करून फळ्यावर उमटत होते. तास संपल्यावर मी चहा सांगितला. "नको," त्या म्हणाल्या. "जुन्या शाळेत माझी कपबशी खिडकीत वेगळी ठेवलेली असायची. ध्यानात हाय माझ्या." ती कोण ठेवायचं, हे त्यांनी विचारलं नाही. मी ठेवायचो.

त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं आम्ही एकाच जिल्ह्यात नोकरी केली, एकमेकांना नमस्कारही न करता. त्यांनी मला माफ केलं नाही आणि मी माफी मागितली नाही. निवृत्तीनंतर त्यांच्या लातूरच्या घरी पुढच्या खोलीत दर रविवारी शिक्षक जमायचे, आपापला फसलेला पाठ सांगायचे. देगलूरकडूनही पोरी यायच्या. मला बोलावणं कधी नव्हतं.

परवाच्या रविवारी मी गेलो. वाटलं होतं, खोली बंद असेल. दारात चपलांचा ढीग होता. आत पंधरा-वीस जण सतरंजीवर, एक तरुण बाई फळ्याशी उभी राहून भागाकार का जमला नाही ते सांगत होती, आणि कुणीही हसत नव्हतं. बाईंची मुलगी प्रज्ञा, तीही शिक्षिकाच, तिनं मला ओळखलं. ती म्हणाली, "बोला सर, तुम्ही जुने." मी उभा राहिलो आणि जे इथं लिहिलं ते सगळं सांगितलं. मंचाचं, शालीचं, कपबशीचं. सांगताना डोळे पुसले, तर मला स्वतःचाच राग आला... रडायचा हक्क माझा नव्हता.

मग प्रज्ञा म्हणाली, "हे आम्हाला माहीत हाय. आईनं सांगितलेलं." तिचा आवाज अगदी आईसारखा कोरडा होता. तिनं सतरंजीवरची जागा दाखवली. "बसा. पुढच्या खेपेला येताना स्वतःचा एखादा पाठ घेऊन या."