सुगंधाबाईचा अंदाज

गोंडपिपरीकडच्या त्या गावात फागुन लागला, की भाजी लावणाऱ्या बाया आधी सुगंधाबाईच्या दारात यायच्या. पहाटे मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा किती पडला, ते बघून ती पावसाचं सांगायची. सडा दाट, तर आभाळ कोरडं. तिचा अंदाज कधी चुकला नव्हता आणि तोराही तसाच होता.

मग पावसानेच ताळतंत्र सोडलं. दाट सडा पडलेल्या दिवशीही गारा कोसळू लागल्या. तरी बाया विचारायला येतच राहिल्या. मान तरी शाबूत आहे, असं सुगंधाबाई समजत होती.

यंदा शेजारची दिव्यानी आली. "बाई, पाऊस येईन का वो?"

"येत नाई. सडा पाह्यला मी. टमाटर पिकू दे झाडावरच."

दिव्यानी घरी गेली आणि कच्चेपक्के सगळे टमाटर तोडायला बसली. सुगंधाबाईने कुंपणावरून पाहिलं. पलीकडच्या वाड्यांतही तेच चाललं होतं. सकाळी विचारून गेलेल्या साऱ्याजणी तोडत होत्या. तिने मात्र आपल्या टमाटरला हात लावला नाही. स्वतःच्या शब्दावरून ती कशी फिरणार?

दुपारी गारांनी तिची वाडी चिखलात घातली.

संध्याकाळी दिव्यानी टमाटरची टोपली घेऊन आली. "ठेवा ना बाई. तुमाले विचारलं म्हनून तं वाचले."

"माह्यं ऐकून वाचले?"

दिव्यानीची मान खाली गेली.

"ने ते घरी," सुगंधाबाई म्हणाली. "अन् उद्या पन येजो विचाराले. गावाले माह्या चुकीचा तरी भरवसा हाय."