विशाखाची नऊ पुस्तकं

विशाखाला आमच्या उस्मानपुऱ्यात हट्टी म्हणतात. म्हणू द्या. मी रूपा, शेंद्र्याच्या कंपनीत चार वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर बसते. दोघी दिवसभर मशीनचे बारके पार्ट भिंगाखाली धरून चरे शोधतो. एकदा तिनं 'हे चालणार नाय' म्हणलं, की सुपरवायझरच काय, त्याचा साहेब आला तरी तो पार्ट पास होत नाय. मला राग येतो तिचा, कारण तिच्यापायी माझं पण काम वाढतं. पण खोटं कशाला बोलू, बरोबर तीच असते.

कंपनीच्या बसमधी ती मोबाइलवर जपानी अ‍ॅनिमे बघायची. मी चिडवायची, "सत्तावीस वर्षांची घोडी झालीस अन् कार्टून बघतीस." ती इयरफोन न काढताच म्हणायची, "अन् तू सासूसुनांची भांडणं बघतीस ते चालतं व्हय?" एक मालिका तिच्या लई जिवाची झाली. एका खानावळीत भांडी घासणारी पोरगी शिकत शिकत स्वयंपाकीण होते अन् शेवटी स्वतःची खानावळ काढते. विशाखाची आई चंपाबाई लग्नाच्या हॉलमधी भांडी घासायची. बाराही महिने तिच्या हाताला भेगा असायच्या. त्यामुळं विशाखाला तीच मालिका का आवडली, ते मी विचारलं नाय.

बारा एपिसोडमधी मालिका संपली. पोरगी नव्या खानावळीचं दार उघडते, लोक टाळ्या वाजवतात, खेळ खलास. पुढचा सीझन येणार येणार म्हणत दोन वर्षं गेली. "मी कुणाच्या मेहरबानीवर बसून राहणार नाय," असं म्हणून तिनं ज्या चित्रपुस्तकांवरून मालिका काढली होती, ती मांगा पुस्तकंच मागवायला सुरुवात केली. एकेक करत नऊ भाग झाले. सगळे इंग्रजीत. अडलेला शब्द मोबाइलमधी बघायची, आवडलेल्या चित्रावर दोन-दोन दिवस थांबायची. "मालिका तिच्या वेगानं पळते," म्हणायची, "हे माझ्या बोटानं चालतं."

अन् वाचता वाचता तिचं डोकं फिरलं. त्या पोरीच्या शेजारी बसून भांडी घासणारी एक म्हातारी होती. मालिकेत ती दोनदा दिसते, तोंडातून एक शब्द नाय. पुस्तकात तिच्यावर अख्खे तीन अध्याय. "वेळ नसंल, म्हणून कापली असंल," मी म्हणलं. "नेमकी तीच बरी सापडली कापायला," विशाखा म्हणाली, अन् शेंद्रा येईपर्यंत माझ्याशी बोलली नाय.

आमच्या विहारात चौदा एप्रिलला हार आणायचा नाय, वही नायतर पुस्तक आणायचं, अशी रीत आहे. ती पुस्तकं विहाराच्या अभ्यासिकेत जातात. यंदा विशाखानं नऊच्या नऊ भाग दिले. मोहल्ल्यातल्या पोरींनी वाचावेत, एवढंच तिच्या मनात होतं. पंधरा दिवसांनी निरोप आला, पुस्तकं कपाटातून काढलीत, परत घेऊन जा.

निरोप राजकुमार सरांचा होता. सर निवृत्त शिक्षक अन् समितीचे अध्यक्ष. अर्ध्या उस्मानपुऱ्याला त्यांनी फुकट शिकवलंय, विशाखाला पण. त्यांच्यासमोर मोठमोठे साहेब उलटून बोलत नायत. रविवारी वंदना झाल्यावर सगळे बसलेले असताना सरांनी पहिला भाग हातात घेतला.

"चित्रांना माझा विरोध नाही," ते म्हणाले. "पण हे बघा. पहिल्याच पानावर मुलगी ताठ उभी आहे, हातात पळी आहे, मालक तिच्यासमोर खाली बघतो आहे. आणि शेवटच्या पानावर तीच मुलगी जमिनीवर बसून भांडी घासते आहे. हे आपल्या मुलींनी वाचायचं? बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून?"

मला तर सरांचं पटायला लागलं होतं. विशाखा उठली.

"सर, तुम्ही उलटं वाचलं. इंग्रजीत असलं तरी जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं, शहागंजात उर्दू पुस्तकं मिळतात ना, तसं. समितीनं शिक्का पण शेवटच्याच पानावर मारलाय."

लोक हसले. ती हसली नाय. सरांनी चष्मा पुसला, पुस्तक फिरवलं अन् आमच्यासमोरच सावकाश पानं उलटत गेले. माणूस मोठ्या मनाचा. "चूक माझी," ते म्हणाले. "हे तर प्रेरणादायी आहे. राहू दे कपाटात."

झालं, जिंकलो. मी तिची ओढणी ओढली, बस आता म्हणलं. पण ही बाई बसंल तर ना.

"सर, सातव्या भागात ती परत भांडी घासायला जाते."

"परत? का?"

"तिच्यासोबत घासणारी म्हातारी आजारी पडते. तिच्या जागेवर कुणीच येत नाय. मग ही आपली खानावळ बंद ठेवून जाते अन् महिनाभर घासते. लोक नावं ठेवतात तिला."

सरांच्या कपाळाला आठी पडली. "मग सातवा तेवढा काढू. बाकीचे ठेवू."

त्या घटकेला मला सरांचा राग आला, आयुष्यात पहिल्यांदा आला. विशाखाचा आवाज मात्र चढला नाय.

"ह्याच्यावरची मालिका नव्या खानावळीच्या दारातच थांबली, सर. टाळ्या वाजल्या अन् संपली. दुसऱ्या दिवशी भांडी कुणी घासली, ते कुणी दाखवलं नाय. ते बघायलाच मी पुस्तकाकडं आले. माझी आई तीस वर्षं घासत होती. तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नायत, म्हणून तिला गोष्टीतून काढायचं का? चांगलं दिसतं तेवढंच ठेवायचं असंल, तर नऊच्या नऊ काढा. पण मी परत नेणार नाय. रद्दीवाल्याला तुमच्या हातानं द्या, अन् रजिस्टरमधी लिहा, की न वाचता दिली."

मागं बसलेल्या चंपाबाई पदर तोंडाला लावून खाली बघत होत्या. मला वाटलं, आता हिचं अभ्यासिकेत येणंच बंद होतंय.

सरांनी रजिस्टर मागवलं. पेन उघडून लिहिलं, अन् शिक्षकाची सवय म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं. "मांगा, भाग सातवा. घरी वाचायला नेला. राजकुमार." मग पुस्तक पिशवीत टाकत म्हणाले, "बाकीचे कपाटात लावा. हा वाचून झाला, की मी माझं मत सांगेन."

"सांगा," विशाखा म्हणाली. "मत कायबी असू द्या, पण पुस्तक आठ दिवसांत परत आणा, सर. नियम सगळ्यांना सारखा."