नाकतोड्याचा एक पाय

मंडळी, घाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

आज सकाळी घाटंजीजवळच्या एका तांड्याबाहेर मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नाकतोडे पकडत होते. माझं संशोधनच ते आहे. बिनपंखी नाकतोडे कुठून कुठे पसरले, ते त्यांच्या डीएनएवरून शोधायचं. त्यासाठी मी जीव घेत नाही. एक पाय कुपीत टाकते आणि नाकतोडा सोडून देते.

नेमकं ते सोडणंच वावराच्या मालकानं पाहिलं.

"आमच्या सोयाबीनमंदी किडे कायले सोडून राह्यली? फवारनीचं औषध खपवाले आली का?"

बघता बघता दहा-बारा माणसं जमली. त्यानं माझा कुप्यांचा डबा उचलून विहिरीवर धरला. माझी तीन महिन्यांची मेहनत त्यात होती. किडे इथलेच आहेत, मी फक्त त्यांचा एक पाय तपासायला नेते, असं मी परत परत सांगत होते.

तेवढ्यात त्याची म्हातारी आई पुढे आली. "थांब रे. बाई, या टांगेवरून तुले काय समजते?"

"याला उडता येत नाही, मावशी. मग हा इथवर आला कसा, ते समजतं."

"अन् समजल्यावर आमाले सांगाले येशीन? मातीवाले माती घेऊन गेले, पान्यावाले पानी. वापस कोनीच नाही आलं."

मी हो म्हटलं. डबा परत मिळाला.

घरी येऊन वही उघडली. प्रत्येक पाय कुठे सापडला, ते नकाशावर अचूक टिपलंय. शेतकऱ्याचं नाव एकही नाही. त्या मावशींचंही मी विचारलं नाही.

नमुने नेलेल्या गावात तुमच्यापैकी कोणी कधी परत गेलंय का?