भरल्या कॅनाची मालकीण

आमच्या मालकिणीला चाक असलेली कुठलीही वस्तू लागायची. एसटी लागायची, रिक्षा लागायची, टेम्पो लागायचा. लग्नाच्या वरातीत ती जीपमध्ये माझ्या शेजारी बसली आणि गल्लीचं वळण संपायच्या आत तिला उमासा आला. मी डोक्यावरचा नवा कोरा पटका काढून पुढं धरला, म्हणून जीपवाल्याची गादी वाचली. बँडवाले वाजवायचे थांबले. दुसरी एखादी नवी नवरी लाजेनं मेली असती. हिनं तोंड पुसलं आणि त्यांनाच म्हणाली, "थांबलासा का? वाजवा की." त्या दिवशीच मी ओळखलं, हे प्रकरण जड जाणार.

अशा बाईनं घरात गप बसावं की नाही? ते नाही. कुणाचं बारसं असू दे, जत्रा असू दे, हातकणंगल्याला कुणाची सोयरीक असू दे, नवी साडी नेसून पहिली तयार हीच. आणि गाडीत खिडकीच पाहिजे. तिचं माहेर कागलच्या पुढं, सीमेच्या अंगाला. स्टँडवर खिडकीसाठी बायकांशी भांडायची, जागा मिळवायची आणि लक्ष्मी टेकडी यायच्या आत मान खाली घालून पिशवीत तोंड. मी म्हणायचो, "अगं, बाहेर बघायचं नाही तर खिडकी कशाला अडवतीस?" तर पिशवीतूनच उत्तर यायचं, "बरं वाटलं की बघणार हाय." बरं वाटायचं ते उतरल्यावर. त्या रस्त्यानं इतक्या वर्षांत शेकडो वेळा गेली असेल, पण मध्ये कोणतं गाव लागतं ते तिला सांगता यायचं नाही.

आता हे का व्हायचं, तर त्याला कारण होतं आणि ते कारण तिनंच पाळलेलं होतं. आमचा धंदा दुधाचा. घरी म्हशी. संध्याकाळी पेठेतल्या कट्ट्यावर म्हैस नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि सकाळी सायकलला कॅन अडकवून शाहूपुरीत रतीब घालायचा. या धंद्यातल्या माणसाला एक गोष्ट कळते. अर्धा कॅन नेला तर दूध हिंदकळतं, डचमळून डचमळून पोचेपर्यंत वर लोण्याच्या गोळ्या येतात. काठोकाठ भरला आणि तोंडाला गवताचा बोळा दाबून झाकण बसवलं, की दूध जागचं हलत नाही. कॅनाच्या बाबतीत हे खरं आहे. मालकिणीनं ते पोटाला लावलं.

"भरलेला कॅन हिंदकळत न्हाय," असं म्हणायची आणि प्रवासाला निघायच्या आधी बसून भाकऱ्या, झुणका, ठेचा, वर दहीभात आणि त्याच्या वर धारेचं दूध ग्लासभर असं खायची. मग गाडीत व्हायचं ते व्हायचं. आमच्या डॉक्टरनं तिला चारदा सांगितलं, "अक्का, प्रवासाच्या आधी हलकं खावं, पोट रिकामंही नको आणि तट्टही नको." ही त्याच्या तोंडावर म्हणाली, "डॉक्टरसाब, तुम्ही कधी सायकलला कॅन बांधलासा?" डॉक्टर माझ्याकडं बघायला लागला. मी खिडकीकडं बघितलं. पोटाला झाकण नसतं हे मी तिला सांगून थकलो होतो. फार बोललो तर ती कानडीत सुरू व्हायची. मला कानडी येत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

लांबचं असं आम्ही कुठं गेलोच नाही. म्हैस दोन वेळची असते, तिला सुट्टी नसते. पोरगा शिकून मुंबईला नोकरीला लागला, माझे गुडघे गेले, तशा म्हशी एक एक करून दिल्या आणि घरच्या दुधाला एक ठेवली. तेवढ्यात पोरग्याचा फोन आला. "अप्पा, आपण सगळे बोटीवर जाऊया. मुंबईहून निघायचं, समुद्रातून गोव्याला जायचं आणि बोटीनंच परत." मी म्हटलं, "बाबा, कोल्हापुरातून गोव्याला सकाळची एसटी धरली तर दुपारच्या जेवणाला माणूस पोचतो. त्यासाठी आधी उलटं मुंबईला यायचं?" मागून नात ओरडली, "आज्जा, बोटीवरच राहायचं असतं!" एवढ्यात मालकिणीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. "मी येणार. तुझा अप्पा न्हाय आला तर म्हशीपाशी बसू दे."

फोन ठेवल्यावर मी तिच्यावर उखडलो. "तुला कागल सोसत नाही आणि समुद्र सोसणार? तिथं उतरतो म्हटलं तर कुठं उतरणार?" एरवी तिनं मला दोन शब्द जास्त सुनावले असते. त्या दिवशी भांडं घासता घासता थांबली आणि म्हणाली, "सगळा जन्म मान खाली घालून फिरले. एकदा मान वर करून बघायचं हाय. न ओकता. बस." मग पुन्हा घासायला लागली. मी उठलो आणि शेजारणीला म्हैस बघायला सांगितली.

आणि मग सुरू झाली तयारी. देवा, ती तयारी. निम्म्याहून रिकाम्या झालेल्या गोठ्यात आढ्याला म्हशीचं जुनं दावं बांधून तिनं झोपाळा केला. दुपारी पोटभर जेवायची आणि त्याच्यावर जाऊन बसायची. "झोका द्या," म्हणायची. मी द्यायचो. "जोरात की! समुद्र असा असतोय व्हय?" मी म्हणायचो, "तू कुठं बघितलास समुद्र?" "तुम्ही कुठं बघितलासा? द्या झोका." माझे गुडघे दुखायचे, तिला मळमळायचं आणि कोपऱ्यातली म्हैस दोघांकडं बघून रवंथ थांबवायची. रोज तिसऱ्या-चौथ्या झोक्याला ती उतरून मोरीकडं पळायची आणि तोंड धुऊन येऊन म्हणायची, "कालच्यापेक्षा जरा उशिरा आलं न्हवं?"

झोपाळ्यानं भागेना म्हणून रंकाळ्यावर गेलो. होडीवाल्याला तिनं पहिल्याच फेरीत सांगितलं, "पावणं, जरा हलवा की होडी." तो हबकला. म्हणाला, "आज्जी, लोक म्हणत्यात हलवू नगा, आन् तुमी हलवा म्हणतायसा?" ही म्हणाली, "मला समुद्राला जायाचं हाय. हितं शिकून घेतो." हलवली त्यानं. पुढचं सांगत नाही. नंतर नंतर आम्ही दिसलो की तो आधी पाण्याची बाटली काढून ठेवायचा.

गल्लीतल्या बायका रोज एक उपाय घेऊन यायच्या. कुणी ओवा, कुणी आलेपाक, कुणी म्हणाली पोटावर वर्तमानपत्र बांधा, कुणी म्हणाली लिंबू हुंगा. मालकिणीनं सगळं केलं. पोटावर पेपर बांधून घरात फिरायची, चालली की कराकरा वाजायचं. सुनेनं फोनवर सांगितलं, गोळी मिळते, बोटीत चढायच्या आधी घ्यायची, जरा झोप येते एवढंच. ही म्हणाली, "झोपून समुद्र कसा बघू? ती गोळी तुझ्या सासऱ्याला दे." मी म्हटलं, मला कशाला, मी कधी ओकलोय? म्हशीच्या मागं आयुष्य काढलेला माणूस मी.

मुंबईपर्यंत रेल्वेत व्हायचं ते झालं. बंदरावर तपासणी होती. मालकिणीनं दुधाची जुनी किटली आणली होती, त्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भडंग, दह्याचा डबा, म्हणजे कॅन भरायचं सगळं साहित्य. गणवेशातला पोरगा म्हणाला, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. ती म्हणाली, "हे बाहेरचं न्हाय, घरचं हाय." नात हसायला लागली, पण किटली काही सुटली नाही. परत येताना मिळेल म्हणाले. लिंबू तेवढं तिच्या पदराच्या गाठीत राहिलं.

आत गेलो तर बोट कसली, साखर कारखाना पाण्यावर ठेवल्यासारखा. मी पायानं दाबून बघितलं, हलत नव्हती. जेवणाच्या हॉलमध्ये मांडलेलं बघून माझे डोळे फिरले. मालकीण लिंगायताच्या घरची, अंड्याला न शिवणारी. एका टेबलावर पनीर आणि पलीकडच्याच टेबलावर कोंबडी बघून तिनं पदर तोंडाला लावला. "चमचे एकच असतील," म्हणाली आणि एक केळं घेऊन वर निघून गेली. मीही शाकाहारीच, पण चमच्याची जात मी विचारत नाही. आणि इतकी वर्षं तिच्याच तोंडचं ऐकून ऐकून डोक्यात बसलेलं होतं. म्हटलं, भरून घ्यावं. काठोकाठ भरलं. वर खीर घेतली.

किनाऱ्याचे दिवे मागं पडले आणि साखर कारखाना हलायला लागला. जोरात नाही. हळूच वर, हळूच खाली. मी पलंगाचा कठडा धरला, मग बेसिन धरलं आणि मग परत येईपर्यंत बेसिनची आणि माझी काही ताटातूट झाली नाही. पोरानं गोळी आणून दिली, ती आत राहील तर ना. गोवा आला तेव्हा सगळे उतरले, मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो.

आणि मालकीण? ती ठणठणीत. एकदासुद्धा नाही. मुक्काम वरच्या डेकवर. दर थोड्या वेळानं खाली यायची, लिंबू चिरून माझ्या नाकाला लावायची आणि बातमी सांगून परत जायची. "अवो, पाणी निळं न्हाय. काळं हाय. आपल्या म्हशीच्या पाठीगत चकाकतंय." पुन्हा यायची. "समुद्र उड्या मारत न्हाय. म्हस झोपल्यावर तिचं पोट कसं वरखाली हुतंय, तसं हुतंय बघा." पुन्हा यायची. "लांब एक दिवा दिसला. एवढ्या पाण्यात कोण एकटा फिरतोय, कोण जाणे." मी म्हणायचो, "तू जा. मला मरू दे." ती म्हणायची, "भरलेला कॅन हिंदकळत न्हाय हे मी बरोबरच सांगत हुते. पण कॅनाला झाकण लागतंय. तुमच्या तोंडाला ते कधी न्हवतंच." आजारी माणसाला असं बोलतात का? ही बोलायची.

शेवटच्या दिवशी उजाडताना ती खाली आली. केस वाऱ्यानं विस्कटलेले, तोंडाला खारट वास. पलंगाच्या कडेला बसली आणि गप्प. या बाईला गप्प बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी घाबरून विचारलं, "काय झालं? ओकलीस?"

"न्हाय."

"मग काय बघितलंस?"

माझ्याकडं बघून हसली. "ते सांगत न्हाय. पुढच्या वक्ताला तुम्ही वर या माझ्यासंगं. उपाशीपोटी. मग दाखवतो."

उपाशीपोटी! सगळा जन्म तिनं जे डोक्यात धरलं होतं ते एका शब्दात सोडून दिलं आणि मला साधा आनंद करायचीही ताकद नव्हती. घरी येईपर्यंत मी विचारत राहिलो. मग महिनाभर विचारलं, धार काढताना, जेवताना. ती भाकरी थापता थापता म्हणायची, "बोटीवर चला, कळंल." सगळ्या गल्लीला तिनं समुद्र सांगितला, पाण्याचा रंग सांगितला, माझं बेसिन तर दोनदा सांगितलं. ते तेवढं सांगितलं नाही.

दिवाळी झाली. एका सकाळी म्हशीला वैरण टाकायला गेली आणि गव्हाणीपाशी बसली ती उठलीच नाही. अॅम्ब्युलन्समधून दवाखान्यात नेताना मी शेजारी पिशवी उघडून धरली होती, सवयीनं. गाडी खड्ड्यातून गेली, वळणं घेतली. तिला गाडी लागली नाही. तिथंच मला कळलं. डॉक्टरनं नंतर सांगितलं.

आता माझी चिडचिड कुणाला सांगू? पोराला विचारलं, तो म्हणतो, "अप्पा, सूर्योदय असेल." तेव्हा तो झोपला होता. नात म्हणते, "डॉल्फिन असतील, आज्जा." तीही झोपली होती. डॉल्फिन दिसले असते तर ही बाई ओरडून सगळी बोट उठवली असती. आणि सूर्य काय, तो तिला गोठ्याच्या दारातून रोज दिसायचा. तिला गप्प बसवणारं काहीतरी होतं. तिनं ते मला दाखवायचं म्हणून राखून ठेवलं आणि गेली. असं कुणी करतं का?

पोराला सांगितलंय, थंडीत परत बोट बघ. तो म्हणाला, "अप्पा, तुम्हाला सोसत नाही." मी म्हटलं, तुला विचारलं नाही, सांगितलंय. ते दावं अजून गोठ्यात आहे. सकाळी चहासुद्धा न घेता त्याच्यावर बसतो. झोका द्यायला कुणी नाही, पायानंच रेटतो. म्हैस बघत उभी असते.

परवा रंकाळ्यावर गेलो. होडीवाल्यानं ओळखलं. आधी पाण्याची बाटली काढून ठेवली, मग माझ्या मागं बघितलं.

"आज्जी न्हाईत आल्या?"

"पुढं गेली," मी म्हटलं. "तुम्ही हलवा की होडी. जरा जोरात."